आतल्या वाटेचा नकाशा

"पिना, चाप, किल्ल्या, घड्याळ, काय असंल ते सगळं हितं टाका," शेवंतामावशींनी प्लॅस्टिकचं ताट माझ्यापुढे धरलं. "आन् ताई, कालच्यावानी करू नगा. तुमच्या केसातल्या एका चापापायी डॉक्टरबाईंनी माझी वरात काढली."

मी घड्याळ ताटात ठेवलं आणि केसांतून बोटं फिरवून दाखवली. ताटात आबांचं पितळी होकायंत्र आधीच येऊन पडलं होतं. मुठीत मावेल एवढं, झाकणाचं. उशाशी कुणी पोथी ठेवतं, कुणी जपमाळ. माझे वडील होकायंत्र ठेवत.

"साहेब, तुमचं?" मावशींनी दारातूनच विचारलं.

"माझं सगळं तुमच्या ताटात आलंय," आबा आतून म्हणाले. "ट्रंकेची किल्ली पहिल्याच दिवशी लेकीच्या हवाली केली. आता कमरेला नुसता दोरा राहिलाय. तोही उतरवू?"

"अगं बाई बाई! करदोट्याचं नाव कोण घेतंय? जित्या माणसाचा करदोटा सोडत्यात व्हय? सकाळच्या पारी असलं अभद्र बोलू नये."

आबा हसले. हसताना त्यांचा हात पोटाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत फिरला. मावशी तेव्हा ताट दाराबाहेरच्या बाकावर ठेवायला वळल्या होत्या. मी मात्र तो हात पाहिला.

त्या खोलीत लोखंड म्हणून नव्हतं. पलंग सागवानी, त्याचे स्क्रू पितळेचे, गादी काथ्याची. खिडकीचे गज काढून तिथे लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या. मिरजेच्या त्या जुन्या इस्पितळात इतरत्र पावलोपावली लोखंडी खाटा करकरत, स्ट्रेचरची चाकं किंचाळत. ही एक खोली तेवढी लांबलचक ओळीत मध्येच सोडलेल्या कोऱ्या जागेसारखी होती. आबांच्या उघड्या पोटावर एक लाकडी चौकट उभी होती. तिच्या चार कोपऱ्यांत चार संवेदक, काळ्या डब्या. त्यांच्या तारा भिंतीतून पलीकडच्या खोलीत जात. तिथला पडदा मधल्या काचेतून दिसे, आणि त्या पडद्यावर एक हिरवा ठिपका.

तो ठिपका म्हणजे आबांनी गिळलेला मणी. जोंधळ्याच्या दाण्याएवढं चुंबक, वरून कसलंसं गुळगुळीत लेपन. तो मणी अन्नाच्या वाटेने पुढे सरकेल तसा पोटावरच्या चौकटीला त्याचा माग लागणार होता. कित्येक महिने आबांच्या पोटात काही टिकत नव्हतं. अंगातलं मांस उतरलं होतं, पोट तेवढं फुगलेलं. एक्स-रे झाले, पांढरं औषध पाजून पुन्हा एक्स-रे झाले. आतड्यांची वेटोळी एकमेकांवर पडलेली दिसत, नेमकं काही कळत नसे.

"लहान आतड्याच्या शेवटी वाट आवळलीये असा माझा संशय आहे," डॉक्टर मगदूम मला म्हणाले होते. ते तिथले सर्जन. उंच, मोजकं बोलणारे. "पण यांचं हृदय असं आहे, की नुसत्या संशयावर मी पोट उघडणार नाही. मणी तिथे अडला तर उघडायचं. पुढे गेला तर औषधांवर घरी पाठवायचं."

"आणि अडलेला असूनही उघडलं नाही तर?"

"एक दिवस वाट पूर्ण मिटेल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

म्हणून आम्ही त्या ठिपक्याकडे पाहत होतो.

"वाच काहीतरी," आबा छताकडे बघत म्हणाले. डॉक्टरबाई यायच्या होत्या. "तुझ्या त्या लंगड्या कवितांतलं."

मी तेव्हा मराठीत एम.ए. करत होते. पिशवीत कायम एखादा बारीकसा संग्रह असे. यमक नसलेल्या, मध्येच तुटणाऱ्या ओळींनी मला त्या वयात पुरतं झपाटलं होतं. मी एक कविता वाचली. आबांनी ती शेवटपर्यंत ऐकली, हे विशेष.

"यात ओळ कुठे मोडायची हे कसं ठरवतात?"

"श्वासावर."

"म्हणजे मोजमाप नाही."

"आहे. आधी आखून ठेवलेलं नाही, इतकंच."

"आधी आखलेलं नाही ते मोजमाप नव्हे, वृंदा. ती भटकंती." उभी हयात त्यांनी भूमापन खात्यात काढली होती. साखळी, झेंडे, होकायंत्र घेऊन त्यांनी तीन तालुक्यांतली शिवारं पायाखाली घातली होती. "बांध असा भटकत गेला असता तर लोकांनी एकमेकांची डोकी फोडली असती."

"बांध माणसानं घातलेला असतो, आबा."

"आणि कविता काय बैलानं घातलेली असते?"

इतक्यात डॉक्टर लोकूर आल्या. त्या बेळगावच्या, बोलण्यात कानडी हेल, पायांत घाई. इस्पितळातले लोक त्यांच्या या उद्योगाला 'पोटातला होकायंत्राचा खेळ' म्हणून हसत, हे मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"आवटीसाहेब, श्वास साधा घ्यायचा. हलायचं नाही हं काय."

त्या काचेपलीकडे गेल्या. आबा निश्चल झाले. त्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेने, घामाचे बारीक थेंब उभे राहिलेले मला दिसले. खोलीत उकडत नव्हतं.

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. लोकूरबाई हसत होत्या. मी पलीकडे गेले.

"सुटला बघा तुमच्या वडलांचा मणी! आवळलेली जागा मागं टाकून मोठ्या आतड्यात शिरलाय. चढतोय आता." त्यांनी छापून आलेला कागद माझ्यापुढे पसरला. "काय सुरेख रेषा आलीय बघा तरी! मगदूमसाहेब तर म्हणत होते, तुमच्या खेळण्यावर मी माणसाचं पोट झाकून ठेवू का? आता दाखवते त्यांना. दुपारी घरी सोडतील."

"सुरेख म्हणजे?"

"म्हणजे अशी रेषा मला कधी मिळालीच नव्हती हो. हे बघा की." त्यांनी कपाटातून दुसरे कागद काढले. "हे आमचे कॉलेजचे पोरं. तब्येतीनं ठणठणीत. तरी कसं आहे बघा. धावलं, थांबलं, परत मागं आलं, जागच्या जागी घुटमळलं, मग एकदम उडी. आतडं असंच असतंय, लहरी. आणि हे साहेबांचं. शिस्तीत."

त्या कागद उचलून निघाल्या. "मगदूमसाहेब थिएटरात आहेत, बाहेर पडले की पकडते त्यांना. तुम्ही वडलांना उठवू नका, मी आलेच."

मूळ कागद त्यांनी नेला. पडद्यावर मात्र ती रेषा तशीच होती. मी तिच्यासमोर उभी राहिले.

विद्यार्थ्यांच्या त्या वेड्यावाकड्या रेषा मला ओळखीच्या वाटल्या होत्या. मध्येच तुटणाऱ्या, श्वास संपेल तिथे वळणाऱ्या. आबांची रेषाही ओळखीची होती, पण ती ओळख फार जुनी होती. लहानपणी मी त्यांच्या मेजाला हनुवटी टेकवून त्यांना नकाशे उतरवताना पाहत असे. सारख्या अंतरावर ठिपके, मग त्यांना जोडणारी संथ रेघ. आणि वळण आलं की त्याच्या अलीकडे ते ठिपके किंचित जवळ जवळ घेत. वळणाला आधी चाहूल द्यावी लागते, म्हणायचे, नाहीतर पेन फसतं.

पडद्यावर, उजव्या कुशीशी जिथे रेषा वर वळत होती, तिथे अलीकडचे ठिपके जवळ आले होते.

मी खोलीबाहेर गेले. बाकावर ताट होतं, मावशी कुठे दिसत नव्हत्या. होकायंत्राचं झाकण उघडलं. काच होती, तबकडी होती, मधला अणकुचीदार खिळा होता. त्यावर फिरायची ती सुई नव्हती.

आत आले तेव्हा आबा डोळे मिटून पडले होते.

"आबा, सुई कुठंय?"

"कसली?"

"होकायंत्रातली."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "दार लाव."

मी दार लावलं. त्यांनी धोतराचा काठ बोटभर खाली सरकवला. करदोट्याच्या काळ्या दोऱ्यात एक जाडसर गाठ होती. दोन्हीकडून दोरा गुंडाळून गुंडाळून ती लांबट केलेली. नवी होती.

"गोंड्यात बांधलीये," ते म्हणाले. चोरी पकडली गेल्याचा भाव त्यांच्या आवाजात नव्हता. हाताखालच्या माणसाला काम समजावून सांगताना येई तसा तो आवाज होता. "जवळचं लहान चुंबक लांबच्या मोठ्याला झाकतं. शिवारात मोजणी चालली की कुणीतरी विळा कमरेला लावून बघायला यायचा. की फिरली सुई त्याच्याकडे. समोरचा सगळा डोंगर लोखंडी दगडाचा असायचा, पण तो लांब. ह्यांच्या त्या डब्यांचं तसंच आहे. मणी पोटात खोल, ही कातडीवर. दोरा थोडा थोडा फिरवत गेलो. एक टोक आत दाबून खाली नेलं, मग वर."

"कुठून कुठे फिरवायचं हे कसं कळलं?"

"पहिल्या दिवशी त्या बाईंनीच भिंतीवरचं चित्र दाखवलं नाही का. आतड्याचा नकाशा म्हणजे काय, एक वाट. वाटा मी पुष्कळ काढल्यात."

"मग तो मणी आत्ता कुठे आहे?"

"मला काय ठाऊक? मी तर तो झाकलाय."

बाहेरून कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं.

"दुखतंय?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

"किती दुखतंय, आबा?"

"मोजता येत नाही," ते म्हणाले.

मी पलंगाच्या कडेला बसले. लोकूरबाई कोणत्याही क्षणी येतील, कागद दाखवून झाला असेल, सही झाली असेल. संध्याकाळच्या गाडीने घरी. मग एखाद्या रात्री ती वाट मिटेल. मी बाहेर जाऊन नुसतं सांगितलं असतं, एक एक्स-रे काढा, तरी सगळं उघड झालं असतं. पण पोट उघडायला त्यांची सही लागणार होती. आणि अशा तऱ्हेने पकडलेला माणूस सही करणार नाही, हे मला माहीत होतं. मी त्यांचीच मुलगी होते.

"का?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा छताकडे पाहिलं.

"तुझी आई ऑपरेशनला इथेच चालत गेली होती आत. स्ट्रेचरला नको म्हणाली. दारात थांबून मला म्हणाली, 'वृंदाच्या डब्याचं बघा. भाजी झाकून ठेवलीय.' कोपऱ्यावर दळण टाकायला निघाल्यासारखी. आत गेली." ते थांबले. "मी बाकावर बसलो. आणि किती वेळ, वृंदा, मी भाजीचाच विचार करत होतो. कसली असेल याचा. वांग्याची की दोडक्याची. दुसरं काही मनात नव्हतं. मग डॉक्टर बाहेर आले."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नसावं.

"मी भित्रा आहे. इतकंच आहे ह्यात. तू त्याला दुसरं काही नाव देऊ नकोस. तुम्हा कवितावाल्यांना ती सवय असते."

मी नाव दिलं नाही. जे सुचत होतं ते सगळं कुणीतरी आधी म्हटलेलं होतं. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही पकडले कसे गेलात, विचारलं नाहीत."

"कसा?"

"आतडी मुक्तछंदात चालतात, आबा. बाईंकडे कागद आहेत. धावतात, थांबतात, मागे येतात. तुम्ही त्यांना वृत्तात बसवलंत."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"आणि वळणाच्या अलीकडे ठिपके जवळ घेतलेत."

"घेतले?" त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर खरंखुरं आश्चर्य उमटलं. "घेतले होय!" आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून, पोरासारखं. आणि त्या हसण्याच्या मध्येच ते वाकले. गुडघे पोटाशी आले, चौकट हलली. मी त्यांचे खांदे धरले. फुगलेल्या पोटावर, कातडीच्या आत, एक लाट उठलेली मला दिसली. डावीकडून ती निघाली, बेंबीखालून सरकत उजवीकडे आली, आणि तिथे कशावर तरी आपटून थांबली. जागच्या जागी थरथरली. विरली. पुन्हा उठली.

आबांचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता.

लाट ओसरल्यावर ते म्हणाले, "सोड ती गाठ."

मी नखं लावली. घामाने दोरा फुगून घट्ट बसला होता. त्यांनी स्वतः प्रयत्न केला. गाठ सुटेना.

"तोड."

"कशानं? इथे लोखंड नाही."

"दात आहेत ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस गेल्यावर, आंघोळ घालताना, घरातलं कुणीतरी त्याचा करदोटा तोडतं. आजोबांचा आबांनी तोडलेला मी पाहिला होता.

"बघत काय बसलीस," ते म्हणाले. "मी अजून बोलतोय."

मी वाकले. दोऱ्याला घामाची, तेलाची, त्यांच्या अंगाची खारट चव होती. तो लवकर तुटेना. माझ्या डोक्यावर त्यांचा हात होता. आधारासाठी ठेवलेला की आशीर्वादासाठी, मला आजही सांगता येणार नाही. एकदाचा दोरा तुटला. गुंडाळी उलगडली, आणि निळसर पोलादाची ती चिमुकली सुई माझ्या तळहातावर आली. मी ती बाहेर नेऊन ताटात टाकली आणि परत आले, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

डॉक्टर मगदूम थिएटरच्या हिरव्या कपड्यांतच आले होते. हातात कागद. मागे लोकूरबाई, चेहरा उजळलेला.

"आवटी, सुटलात म्हणायचं," मगदूम म्हणाले.

"बाई," आबा मगदूमांकडे न बघता म्हणाले, "तुमच्या सगळ्या नोंदी रद्द करा. यंत्रात दोष नव्हता. सर्व्हेअरमध्ये होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी पकडलं हेही सांगितलं. सांगता सांगता तुटका करदोटा त्यांनी हातात गोळा करून धरला होता.

लोकूरबाईंनी मगदूमांच्या हातातला कागद काढून घेतला. चार घड्या केल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मला वाटलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तो कागद खिशात कोंबला.

"तुम्ही घरी जाऊन मेला असतात," मगदूम म्हणाले. "कळतंय तुम्हाला?"

"कळत होतं."

"मग?"

"मगदूमसाहेब, आधी मोजू द्या मला," लोकूरबाई मध्येच म्हणाल्या. कानडी हेल कुठल्या कुठे गेला होता. "बोलणं मग."

त्यांनी चौकट नीट केली, तारा तपासल्या, आणि काचेपलीकडे जाऊन बसल्या. मी मधल्या दारात उभी होते. जुनी रेषा पुसली गेली. पडदा काळा झाला. मग हिरवा ठिपका आला; उजवीकडे, खाली, मगदूमांनी पहिल्या दिवशी बोट ठेवलं होतं तिथेच.

तो स्थिर नव्हता. तो पुढे सरकत होता, केसभर, आणि मागे येत होता. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मध्येच दमल्यासारखा थांबे. मग परत. बंद दाराला आतून कुणी खांदा लावावा, तसा.

आबांनी मान वळवली होती. काचेतून त्यांना तो दिसत होता. आपल्या पोटातली ती तळमळ ते एखाद्या परक्या माणसाचे हाल पाहावेत तसे पाहत होते.

"बाई, हे असं ढकलणं किती दिवस चाललं असेल?"

"तुम्हाला उलट्या लागल्या तेव्हापासून," लोकूरबाई पलीकडून म्हणाल्या. राग अजून आवाजात होता, पण आणखीही काहीतरी होतं. "दिवसरात्र."

"कुणी सांगितलं नसताना."

"त्याला कोण सांगणार हो, साहेब?"

आबा बराच वेळ ठिपक्याकडे पाहत राहिले.

"मगदूमसाहेब, सही कुठे करायची?"

"हृदयाचं काय ते मी सांगितलंय तुम्हाला."

"सांगितलंय. मला भीती वाटतेय, हे लिहायला त्या कागदावर जागा आहे का?"

मगदूम त्या सागवानी पलंगाच्या कडेला टेकले. "नाही," ते म्हणाले. "पण मला सांगितलंत ना. मग झालं."

दुपारी त्यांना आत नेलं. ते स्ट्रेचरवरून गेले, माझ्याकडे बघत. आई आत गेली तेव्हा आबा बसले होते त्याच बाकावर मी बसले की दुसऱ्या, कोण जाणे. सगळे बाक सारखेच होते. थोड्या वेळाने लोकूरबाई येऊन शेजारी बसल्या. संध्याकाळपर्यंत त्या उठल्या नाहीत.

मगदूम बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे खोल गेले होते. "तो मणीसुद्धा जाणार नाही इतकीच वाट उरली होती. तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडलीत. हृदयानं साथ दिली." मी उठू लागले तसे म्हणाले, "थांबा. अजून संपलं नाही. हात लागला की आतडं रुसतं, निपचित पडतं. ते आपणहून चालायला लागेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि चाललंच नाही तर पुन्हा उघडावं लागेल. तेव्हा मात्र हृदय ऐकेल असं मी म्हणणार नाही."

त्यानंतरचे दिवस एका आवाजाची वाट पाहण्यात गेले. ताज्या टाक्यांवर चौकट उभी करायची सोय नव्हती, मणी तर निघालाच होता. आता मोजमाप कसलं नव्हतं. मगदूम सकाळ-संध्याकाळ येत, पोटावर नळी टेकवून कान देत, आणि नळी गळ्यात अडकवून काही न बोलता पुढच्या खाटेकडे जात. आबांचे ओठ वाळून पांढरे पडले होते. मी ओला बोळा त्यांवरून फिरवे.

सगळ्या वॉर्डाला एकच चौकशी. "साहेबांचं वारं सरलं का?" समोरच्या खाटेवरचा जयसिंगपूरचा पैलवान तिथूनच ओरडून विचारी. शेवंतामावशी फरशी पुसता पुसता विचारीत. "लाजू नगा साहेब. हितं राजालाबी त्याचीच वाट बगाया लागती." आबा डोळे मिटून घेत. घरात ज्यांनी कधी मोठ्याने ढेकर दिला नाही, त्या माणसाच्या पोटाची ही जाहीर चर्चा होती. लोकूरबाईही रोज येऊन जात. रिकाम्या हातांनी पायथ्याशी उभ्या राहत, पोटाकडे बघत. आणि मला वाटे, त्या कुणाची तरी मनधरणी करताहेत.

एका सकाळी मगदूमांनी नळी नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकवून ठेवली. मला बाजूला घेतलं. "उद्यापर्यंत बघू," म्हणाले. "मग ठरवावं लागेल."

मी खाटेशी परत आले. आबांनी ऐकलं होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड सैल होती, हात गार. वॉर्डात तेव्हा नेमकी ती घडी होती, रात्रपाळी उतरून दिवसपाळी चढायची. कुणी बोलत नव्हतं, भांडी वाजत नव्हती. त्या शांततेत पांघरुणाखालून एक आवाज आला. आधी अडखळत, विचारल्यासारखा. मग लांबलचक, निःसंकोच, चांगला घसघशीत.

कुणी हललं नाही.

"वाजलं गं बाई!" शेवंतामावशींच्या हातातली बादली खाली आपटली. "वाजलं! साहेबांचं वाजलं!" आणि त्या तशाच ओल्या हातांनी मगदूमांना शोधायला धावत सुटल्या. पैलवानाने टाळी वाजवली. कोपऱ्यातल्या एका म्हातारीने हात जोडून कपाळाला लावले.

आबांनी चादर ओढून तोंडावर घेतली होती. कानांच्या पाळ्या तेवढ्या बाहेर, लालबुंद. मी चादर खाली केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते माझ्याकडे बघायला तयार नव्हते.

"वृंदा," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चहा मिळेल का गं?"

मगदूम आले, नळी टेकवली, कान दिला, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "दोन चमचे," ते म्हणाले. "बिनदुधाचा. मग बघू."

मी जिना उतरून रस्त्यापलीकडच्या गाड्यावर गेले. सकाळची गर्दी होती. चहावाल्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं तसा गाळणी धरलेला हात थांबवला. इस्पितळासमोर त्याची उमर गेली होती. असे चेहरे त्याच्या सवयीचे असणार. त्याने इतरांना हाताने बाजूला सारलं, आवाज उतरवून विचारलं, "गेले का तुमचे पेशंट, ताई?"

"नाही," मी म्हटलं. "चहा मागतायत."